‘टु’ आणि ‘ला’ : इंग्रजी क्रियापदांच्या गाठी आणि घरातली मराठी

यंदाच्या व्याख्यानमालेसाठी विषय कळवा, असा निरोप आला तेव्हा मी व्याकरणाचा विषय कळवला. त्यातही इंग्रजी व्याकरणाचा. मराठी मंडळाच्या व्यासपीठावर इंग्रजी व्याकरण कशाला, असे काहींना वाटले असेल. ते वाटणे रास्त आहे. म्हणून हा विषय कुठून निघाला ते आधी सांगतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची आई ८४ वर्षांची. रक्तदाबाची गोळी रोज न्याहारीनंतर घेते. एके दिवशी दहाच्या सुमारास ती पुन्हा गोळ्यांचे पाकीट घेऊन बसली आणि एकदम म्हणाली, “अगं बाई, गोळी घेतल्याचं विसरलेच की मी. आता दुसरी काढत होते!” शेजारी माझी नात बसली होती. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवीत आहे, पणजीवर तिचा फार जीव. तिने तत्परतेने फोन उचलला आणि आमच्या डॉक्टरांना इंग्रजीत निरोप पाठवला, ‘पणजी फरगॉट टु टेक हर टॅब्लेट. व्हॉट शुड वुई डू?’ दोन मिनिटांत उत्तर आले, ‘आता लगेच द्या.’ पोरीने पाण्याचा पेला आणि गोळी पुढे केली. आई म्हणाली, “अगं, घेतली आहे म्हणून तर म्हणते ना!”

सगळे हसले आणि प्रसंग निभावला. पण मला हसू येईना. डॉक्टरांची चूक नव्हती. त्यांना जे लिहून आले त्याचे उत्तर त्यांनी बरोबर दिले. पोरीच्या इंग्रजीतही काही चूक नव्हती. कोणत्याही परीक्षेत त्या वाक्याला पूर्ण गुण मिळाले असते. फक्त ते वाक्य आई जे म्हणाली त्याच्या नेमके उलटे होते. ‘फरगॉट टु टेक’ म्हणजे घ्यायला विसरली, गोळी पोटात गेलीच नाही. आई म्हणत होती घेतल्याचे विसरले, म्हणजे गोळी पोटात गेली आहे. चूक इंग्रजी लिहिताना झाली नव्हती, मराठी ऐकताना झाली होती.

मी ३० वर्षे इंग्रजी शिकवले. ‘मुलाचे इंग्रजी सुधारायचे असेल तर घरात इंग्रजीच बोला, निदान मराठी कमी करा,’ हा सल्ला मी स्वतः अनेक पालकांना दिला आहे. त्यांतले काही पालक या अंकाचे वाचक असतील. त्या सकाळपासून तो सल्ला मला टोचतो आहे. आज मी तो परत घेणार आहे, आणि का घेतो आहे ते इंग्रजीतलीच उदाहरणे देऊन सांगणार आहे.

शिक्का एकदाच

इंग्रजीत एका वाक्यात दोन-तीन क्रियापदे एकापुढे एक आली की आपली मुले अडखळतात. ‘ही डिड नॉट वेंट’, ‘शी वॉन्टेड टु केम’, ‘आय कुड नॉट सॉ’ ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत, काहींनी लिहिलीही असतील. यामागचा नियम एका ओळीचा आहे. क्रियापदांच्या साखळीत भूतकाळाचा शिक्का एकदाच बसतो, आणि इंग्रजीत तो पहिल्या क्रियापदावर बसतो. पुढची क्रियापदे काळाच्या ओझ्यातून मोकळी असतात. ‘डिड’ने शिक्का घेतला, आता ‘गो’ला तो नको. ‘वॉन्टेड’ने घेतला, मग ‘टु’च्या पुढे साधे ‘कम’.

हा नियम परका वाटतो, पण मराठीत तोच आहे. ‘मला त्याला जायला सांगावं लागलं’ हे वाक्य घ्या. जाणे, सांगणे, लागणे अशी तीन क्रियापदे आहेत. भूतकाळ फक्त ‘लागलं’मध्ये आहे. कोणी ‘गेलायला सांगितलावं लागलं’ म्हणत नाही. हेच वाक्य इंग्रजीत ‘आय हॅड टु टेल हिम टु गो’ असे होते. तिथे काळ फक्त ‘हॅड’मध्ये आहे. फरक इतकाच की इंग्रजी आगगाडीला काळाचे इंजिन पुढे लागते, आपल्या गाडीला ते मागून ढकलते.

मग ‘डिड नॉट वेंट’ ही चूक येते कुठून? तीही मराठीतूनच येते. आपण ‘गेला नाही’ म्हणतो. नकार आला तरी ‘गेला’ हे भूतकाळी रूप जागचे हलत नाही. मूल ‘गेला’चे ‘वेंट’ करते आणि ‘नाही’चे ‘डिड नॉट’. त्याला नुसते ‘चूक’ म्हणून लाल रेघ मारली तर ते पुन्हा तेच लिहील. ‘मराठीत नाही हा शब्द शिक्का घेत नाही, इंग्रजीत डिड तो घेतो’ असे सांगितले तर बहुतेकांना एकदाच सांगावे लागते. हे सांगण्यासाठी मुलाला ‘गेला नाही’ हे वाक्य मुळात यायला हवे.

‘टु’नंतरचे क्रियापद काळ दाखवत नाही, म्हणून त्याआधीची गोष्ट सांगायची झाली तर इंग्रजीला ‘हॅव’ उसने घ्यावे लागते. ‘ही सीम्ड टु बी इल’ म्हणजे तो आजारी असल्यासारखा दिसला. ‘ही सीम्ड टु हॅव बीन इल’ म्हणजे आजारातून उठल्यासारखा दिसला. पहिल्याला औषध विचारावे, दुसऱ्याला आता बरे आहे ना, असे विचारावे.

‘टु’ मुळात कोण?

आता त्या गोळीच्या वाक्यातल्या ‘टु’कडे येऊ. शाळेत आपल्याला सांगितले जाते की ‘टु गो’, ‘टु ईट’ ही क्रियापदाची मूळ रूपे. त्यामुळे ‘टु’ हा क्रियापदाला चिकटलेला निरर्थक तुकडा वाटतो. पण तो तसा नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘पिणे’ या अर्थाचे रूप ‘द्रिंकन्’ असे होते, ‘टु’शिवाय. पिण्याकडे, पिण्यासाठी असे म्हणायचे असेल तेव्हा आधी ‘तो’ हे शब्दयोगी लागे आणि क्रियापद नामासारखे चतुर्थीत जाऊन ‘तो द्रिन्केन्ने’ होई. पुढच्या शतकांत शेवटचे प्रत्यय झिजून गेले आणि पुढचा ‘टु’ तेवढा उरला. म्हणजे ‘वेंट टु द व्हिलेज’मधला ‘टु’ आणि ‘वेंट टु ड्रिंक’मधला ‘टु’ मुळात एकच आहेत.

आता आपल्याकडे पाहा. ‘गावाला गेला.’ ‘प्यायला गेला.’ स, ला, ते हे चतुर्थीचे प्रत्यय आपण घोकून पाठ केले. तोच ‘ला’ गावाला लागतो आणि पिण्यालाही लागतो. जुन्या लिखाणातले ‘प्यावयास’ आठवा, तिथे ‘ला’च्या जागी ‘स’ आहे, पण तोही चतुर्थीचाच. वेदांच्या भाषेतही पिण्यासाठी म्हणायला ‘पातवे’ असे रूप होते आणि तेही मुळात चतुर्थीचे. जर्मन भाषेतही क्रियापदाआधी ‘त्सु’ येतो, तोही ‘कडे’ या अर्थाचा. ज्या कृतीकडे माणूस निघाला आहे ती कृती जणू एखादे गाव आहे, अशी ही कल्पना. इंग्रजाने ती पुढे ‘टु’ लावून सांगितली, मराठी माणसाने मागे ‘ला’ लावून.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. ‘टु’ पुढे पाहतो. तो आला की कृती अजून व्हायची आहे, निदान त्या क्षणी व्हायची होती. ‘डिसायडेड टु’, ‘प्रॉमिस्ड टु’, ‘होप्ड टु’, ‘रिफ्यूज्ड टु’, ‘अग्रीड टु’ या सगळ्यांत ठरवणारा, वचन देणारा, नकार देणारा माणूस पुढच्या कृतीकडे पाहतो आहे. याउलट ‘इंग’ लागलेले रूप कृतीला एक वस्तू मानते, आणि ती वस्तू बहुधा आधीपासून समोर असते. ‘एन्जॉइड सिंगिंग’मध्ये गाणे चालू आहे, म्हणून तर आनंद मिळतो आहे. अपवाद आहेत. ‘सजेस्टेड गोइंग’मध्ये जाणे पुढे आहे तरी ‘इंग’ लागतो, आणि ते पाठच करावे लागते. पण जिथे एकाच क्रियापदाला दोन्ही रूपे लागतात आणि अर्थ बदलतो, तिथे ही खूण सहसा चुकत नाही.

थांबणे, विसरणे, पाहणे

अशी क्रियापदे थोडी आहेत, पण रोजच्या वापरातली आहेत. ती मराठीत म्हणून पाहा.

‘आजोबा स्टॉप्ड टु टॉक.’ आजोबा बोलायला थांबले. ‘आजोबा स्टॉप्ड टॉकिंग.’ आजोबा बोलायचे थांबले. पहिल्यात पाय थांबले आणि गप्पा सुरू झाल्या. दुसऱ्यात गप्पाच थांबल्या. मराठीत हा फरक ‘ला’ आणि ‘चे’ एवढ्यावर उभा आहे, आणि तो फरक तुम्हाला कोणी शिकवावा लागला नाही.

‘शी रिमेम्बर्ड टु लॉक द डोअर.’ तिने आठवणीने दाराला कुलूप लावले. ‘शी रिमेम्बर्ड लॉकिंग द डोअर.’ कुलूप लावल्याचे तिला आठवले. पहिल्यात आठवण आधी आणि कुलूप नंतर, दुसऱ्यात कुलूप आधी आणि आठवण नंतर. स्टेशनावर पोहोचल्यावर ज्याच्या पोटात गोळा आला आहे त्याला या दोन वाक्यांतला फरक चांगला कळतो.

‘फरगॉट’चे तसेच. कुलूप लावायला विसरलो, किंवा लावायचे विसरलो, म्हणजे ‘फरगॉट टु लॉक’. लावल्याचे विसरलो, हे ‘इंग’च्या बाजूचे. सरळ होकारार्थी वाक्यात इंग्रज माणूस इथे बहुधा ‘फरगॉट दॅट ही हॅड लॉक्ड इट’ असे लांबण लावून सांगेल. पण ‘टु’ तो कधीच वापरणार नाही, कारण ‘टु’ पुढे पाहतो आणि कुलूप तर मागे लागून गेले आहे. माझ्या नातीच्या निरोपातली गफलत ती हीच.

‘ट्राय’ हे क्रियापद तर मराठी माणसासाठीच बनवल्यासारखे आहे. ‘ही ट्राइड टु ओपन द विंडो.’ त्याने खिडकी उघडायला पाहिली, जमले नसावे. ‘ही ट्राइड ओपनिंग द विंडो.’ त्याने खिडकी उघडून पाहिली, वारा येतो का ते बघायला. उघडायला पाहणे आणि उघडून पाहणे! इंग्रजीच्या वर्गात हा फरक समजावताना मी फळ्यावर दोन रकाने आखत असे, बाण काढत असे. हे दोन मराठी शब्द लिहिले असते तर तास वाचला असता.

‘वेंट ऑन’ पाहा. ‘ही वेंट ऑन स्पीकिंग’ म्हणजे तो बोलतच राहिला. ‘ही वेंट ऑन टु स्पीक अबाउट हिज फादर’ म्हणजे पुढे तो वडिलांविषयी बोलायला लागला. सभेचा अध्यक्ष पहिल्याला चिठ्ठी पाठवतो, दुसऱ्याला पाठवत नाही. ‘बिगॅन’ला मात्र दोन्ही रूपे चालतात आणि अर्थ फारसा बदलत नाही. आपणही ‘बोलू लागला’ आणि ‘बोलायला लागला’ यांत काही भेद मानत नाही.

इथे आपल्या गावाचा प्रश्न येतो. होळकरांच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकापासून, आपली मराठी इंदुरात माळवी आणि हिंदीच्या शेजारी राहते आहे. त्या शेजाराने तिला खूप दिले आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हिंदीत ‘गोली लेना भूल गई’ असे म्हणतात. तिथे ‘लेना’ला ‘ला’ नाही, ‘चे’ नाही. क्रियापदाचे कोरे रूप येते. हिंदी आपला फरक दुसऱ्या वाटेने, ‘गोली ले ली थी, यह भूल गई’ असे स्वतंत्र वाक्य करून दाखवते. दोन्ही रीती आपापल्या जागी पूर्ण आहेत. अडचण होते ती मूल मराठी शब्द हिंदीच्या साच्यात ऐकू लागते तेव्हा. ‘गोळी घेणं विसरली’ असे आता आपल्या घरांतूनही ऐकू येते. ‘घेणं विसरली’ म्हटले की घ्यायला विसरली आणि घेतल्याचे विसरली हे दोन्ही एकाच पिशवीत गेले. आईने नीट वेगळे करून सांगितलेले वाक्य नातीच्या कानात त्या पिशवीत पडले, आणि पिशवीतून जे हाताला लागले ते तिने इंग्रजीत लिहिले.

जिथे ‘ला’ फसवतो

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू सांगायला हवी. मराठी प्रत्येक कुलपाची किल्ली नाही. काही ठिकाणी आपला ‘ला’च आपल्याला खड्ड्यात नेतो.

त्यातला सर्वांत खोल खड्डा म्हणजे ‘यूस्ट टु’. लिहिताना सारखेच दिसणारे तीन प्रयोग आहेत. पहिला, ‘आय यूस्ट टु गेट अप ॲट फोर’. म्हणजे मी चारला उठत असे, उठायचो. हा आपला रीतिभूतकाळ, जुन्या वळणाने ‘उठे’. दुसरा, ‘आय वॉज यूस्ट टु गेटिंग अप ॲट फोर’. म्हणजे मला चारला उठायची सवय होती, मी त्याला सरावलो होतो. तिसरा, ‘द नाइफ वॉज यूझ्ड टु कट फ्रूट’. म्हणजे ती सुरी फळे कापायला वापरली जाई. पहिल्या दोहोंत उच्चार ‘स’चा, तिसऱ्यात ‘झ’चा. पहिल्या अर्थाने हे क्रियापद एके काळी वर्तमानकाळातही चाले, शेक्सपिअरच्या काळी तर चालेच. पुढे वर्तमान रूप गळून पडले आणि भूतकाळ तेवढा उरला. म्हणून ‘आय यूज टु गेट अप’ असे कोणी आजच्या सवयीविषयी म्हटले तर ते चूक. प्रश्न विचारताना मात्र शिक्का ‘डिड’वर जातो आणि ‘डिड यू यूस टु’ असे होते. शिक्का एकदाच, हा पहिला नियम इथेही सुटत नाही.

दुसऱ्या प्रयोगात ‘टु’नंतर ‘गेटिंग’ का? कारण हा ‘टु’ क्रियापदाचा नाही, शब्दयोगी आहे. ओळखायची रीत सोपी आहे. क्रियापद काढा आणि त्या जागी नाम ठेवून पाहा. ‘आय वॉज यूस्ट टु द कोल्ड’, मी थंडीला सरावलो होतो. नाम बसले. म्हणजे इथे ‘इंग’ लागणार. ‘आय यूस्ट टु द कोल्ड’ म्हणून पाहा, नाम बसत नाही. म्हणजे इथे साधे क्रियापद. मराठीत थंडीला सरावलो आणि उठायला सरावलो, दोन्हींना ‘ला’च. म्हणून आपल्याला दोन ‘टु’ वेगळे दिसत नाहीत. पत्राच्या शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू’ असे लिहिणारे सुशिक्षित लोक कितीतरी आहेत. तिथे ‘मीटिंग’ हवे. ‘ऑब्जेक्टेड टु’, ‘कन्फेस्ड टु’, ‘केम क्लोज टु’ यांचेही तसेच. ‘टुक टु ड्रिंकिंग’ म्हणजे तो दारूच्या आहारी गेला. आहाराकडे गेला म्हटले की तो ‘टु’ कोणता ते लक्षात राहते.

दुसरा खड्डा लहान आहे. ‘मला पत्र लिहायला लावलं’ म्हणताना आपण ‘ला’ लावतो, म्हणून ‘मेड मी टु राइट’ असे तोंडात येते. इंग्रजीत ‘मेड मी राइट’ एवढेच. ‘टु’ नसलेले हे जुने रूप, ‘द्रिंकन्’च्या घरातले, काही मोजक्या क्रियापदांनी राखून ठेवले आहे. गंमत अशी की तशी सोय आपल्याकडेही आहे. ‘जाऊ दिलं’ म्हणजे ‘लेट हिम गो’. ‘जाऊ शकला’ म्हणजे ‘कुड गो’. दोन्हीकडे ना ‘टु’, ना ‘ला’. घोळ फक्त ‘लावणे’पाशी होतो. आणि वाक्य कर्मणी केले की गेलेला ‘टु’ परत येतो, ‘आय वॉज मेड टु राइट’.

तिसरा खड्डा नामापुढचा. त्याला विचारले म्हणून ‘आस्क्ड टु हिम’, उज्जैनला पोहोचलो म्हणून ‘रीच्ड टु उज्जैन’, तिच्याशी लग्न केले म्हणून ‘मॅरीड विथ हर’, प्रश्नाविषयी चर्चा केली म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट’. या चारही ठिकाणी इंग्रजीत मध्ये काहीच नको. कोणत्या क्रियापदाला कोणते शब्दयोगी लागते आणि कोणाला लागतच नाही, हे इंग्रजीत जोडीनेच पाठ करावे. तिथे तर्क चालत नाही. आपण तरी त्याला भेटतो, त्याच्याशी भांडतो आणि त्याच्यावर रागावतो, ते कुठल्या तर्काने?

‘ण्या’ आणि ‘ल्या’

शब्दयोगीनंतर क्रियापद आले तर ते ‘इंग’मध्येच येते. ‘ही इन्सिस्टेड ऑन पेइंग’, त्याने पैसे देण्याचा आग्रह धरला. ‘शी सक्सीडेड इन फाइंडिंग अ हाउस’, घर शोधण्यात ती यशस्वी झाली. ‘द रेन प्रिव्हेंटेड अस फ्रॉम गोइंग’, पावसाने आम्हाला जाण्यापासून रोखले. मराठीतही क्रियापद नामासारखे वाकून ‘देण्या’, ‘शोधण्या’, ‘जाण्या’ होते आणि मग त्याला पुढचा शब्द चिकटतो. इतपत दोन्ही भाषा सोबतीने चालतात.

पण आता हे पाहा. ‘बिफोर ईटिंग’ आणि ‘आफ्टर ईटिंग’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘ईटिंग’. मराठीत? जेवण्यापूर्वी, आणि जेवल्यानंतर. पूर्वी म्हटले की ‘ण्या’, कारण जेवण व्हायचे आहे. नंतर म्हटले की ‘ल्या’, कारण ते झालेले आहे. ‘थँक्ड मी फॉर कमिंग’ म्हणजे आल्याबद्दल आभार मानले. ‘स्पोक अबाउट कमिंग’ म्हणजे येण्याविषयी बोलला. इंग्रजी एकाच ‘इंग’वर दोन्ही कामे भागवते आणि अर्थ शब्दयोगीकडून काढून घेते. फार गरज पडली तर ‘फॉर हॅविंग कम’ असे म्हणते. मराठी मात्र झालेले आणि व्हायचे हे क्रियापदाच्या अंगावरच दाखवते. ज्या मुलाला हे ‘ण्या’ आणि ‘ल्या’ सहज येतात, त्याला कृती झाली की व्हायची आहे, हा प्रश्न प्रत्येक वाक्यात आपोआप पडतो. इंग्रजीतल्या ‘टु’ आणि ‘इंग’च्या निवडीसाठी नेमका हाच प्रश्न पडावा लागतो.

सल्ला परत घेताना

मराठी व्याकरणाचा इतिहास पाहिला तर ही देवघेव जुनी आहे. विल्यम केरीने १८०५ मध्ये श्रीरामपुराहून मराठीचे व्याकरण इंग्रजीत छापले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण मराठीत लिहिले, तेही इंग्रजी व्याकरणांचा नमुना पुढे ठेवून. मोरो केशव दामल्यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त मराठीची रूपे मराठीच्याच अंगाने तपासली. आपल्या आजोबा-पणजोबांनी तर्खडकर भाषांतर पाठमालेतून दोन्हीकडची वाक्ये उलटसुलट केली. ती पद्धत पुढे मागासलेली ठरली. मीही तिला हसलो आहे. नुसते भाषांतर करून इंग्रजी बोलता येत नाही, हे खरेच आहे. पण त्या पाठांत एक गोष्ट घडत असे. मुलगा दोन भाषांच्या सांध्यावर उभा राहून, हे वाक्य तिकडे जाताना नेमके काय सांडते, ते पाहत असे.

म्हणून पालकहो, माझा नवा सल्ला असा. मुलांशी घरात मराठी बोला, आणि पूर्ण बोला. ‘घ्यायला’, ‘घ्यायचं’, ‘घेण्याचं’, ‘घेतल्याचं’ ही चारही रूपे त्यांच्या कानावर रोज पडू द्या. इंग्रजी वाक्यात ‘टु’पाशी मूल अडले, तर तेच वाक्य आधी मराठीत म्हणायला लावा आणि विचारा, झाले की व्हायचे? जिथे ‘ला’ फसवतो ती ठिकाणे मोजकी आहेत. एका पानावर लिहून भिंतीला लावता येतील. आणि घरात आजी-आजोबा असतील, त्यांना इंग्रजी येत नसेल, तर त्यांना या अभ्यासातून वगळू नका. थांबायचे, विसरायचे आणि पाहायचे धडे त्यांच्या बोलण्यात आयते आहेत.

आमच्याकडे आता गोळ्यांच्या पाकिटाजवळ दिनदर्शिका टांगली आहे. गोळी घेतली की आई तारखेवर पेन्सिलीने फुली मारते. तरी कधी कधी ती पाकीट हातात घेऊन बसते आणि म्हणते, “विसरलेच बाई.” मग नात अभ्यासाच्या टेबलावरून मान वर करते, फोनला हात लावत नाही, आणि आधी विचारते, “पणजी, घ्यायला विसरलीस, की घेतल्याचं विसरलीस?”